विहारयात्रा आणि धम्मयात्रा : शहापूर–मुरबाड परिसरातील ध्यानाभ्यासाचा एक शब्दैतिहासिक विचार

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशी, मुंबई–ठाण्याकडील माणसे एक-दोन दिवस मौन पाळून बसण्यासाठी, रानातून सावकाश चालण्यासाठी आणि बौद्ध पद्धतीच्या ध्यानाचे प्राथमिक धडे घेण्यासाठी समूहाने येऊ लागली आहेत. या घटनेविषयी दोन मते ऐकू येतात. पहिल्या मतानुसार हा प्रकार परकीय व नागर असून या भूमीशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या मतानुसार येथील डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू ध्यानस्थ बसत होते आणि आजचा साधक त्यांचीच अखंड परंपरा चालवीत आहे. पहिले मत पुराव्याकडे पाठ फिरविते. दुसरे मत पुराव्यापेक्षा अधिक बोलते. या दोहोंचा विचार शब्दांच्या इतिहासाच्या आधारे करावा, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. एखादी साधना लोप पावली तरी तिचे शब्द भाषेत मागे राहतात आणि पुढे ती साधना परत आली म्हणजे त्याच शब्दांच्या बदललेल्या अर्थांशी तिला झगडावे लागते. नवशिक्या साधकाची पुष्कळशी अडचण याच झगड्यातून निर्माण होते, असे आम्हांस वाटते.

प्रथम भूगोल ध्यानात घेतला पाहिजे. शहापूर तालुक्यातून कसाऱ्यावरून थळघाट चढून नाशिककडे जाता येते, तर मुरबाड तालुक्यातून माळशेज आणि नाणेघाट या वाटांनी जुन्नरकडे जाता येते. प्राचीन काळी शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारा, आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच वाटांनी देशावर चढत असे. सोपारा इ. स. २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते. परंतु इतिहासदृष्ट्या सोपारा, कल्याण, मुरबाड, नाणेघाट आणि जुन्नर ही एकाच साखळीची कडी होत. शहापूर–मुरबाडचा विचार या साखळीपासून तोडून करता येत नाही.

साखळीचे पश्चिमेकडील टोक सोपारा. तेथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इ. स. १८८२ मध्ये केले, आणि त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुटका तुकडा त्यांना तेथे मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा पुढे १९५६ मध्ये हाती आला. आठव्या लेखाचा आशय इतर ठिकाणच्या पूर्ण पाठांवरून चांगला ज्ञात आहे. पूर्वीचे राजे ‘विहारयात्रे’स निघत, तीत मृगया आणि तत्सम मौजा असत. अशोक मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीस, म्हणजे बोधगयेस गेला आणि तेव्हापासून ‘धम्मयात्रा’ सुरू झाली. तीत श्रमण व ब्राह्मण यांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांची भेट, आणि जनपदातील लोकांची भेट, त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे व विचारपूस, या गोष्टी अंतर्भूत होत्या.

येथे ‘विहार’ या शब्दाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. अशोकाच्या या लेखात त्याचा अर्थ करमणुकीची भटकंती असा आहे. पाली ग्रंथांत ‘विहरति’ हे क्रियापद राहणे, आणि त्यातही विशिष्ट मनःस्थितीत राहणे, या अर्थाने येते. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांना ‘ब्रह्मविहार’ म्हटले आहे ते याच अर्थाने. त्यावरून भिक्षूंच्या निवासस्थानासही विहार ही संज्ञा मिळाली. मराठीत मात्र दीर्घकाळ पहिलाच अर्थ प्रबळ राहिला : वनविहार, जलविहार, नौकाविहार. इ. स. १९५६ नंतर दुसरा अर्थ पुन्हा जिवंत झाला आणि आज गावातील बौद्ध वस्तीत ‘विहार’ म्हटले की वंदनेची वास्तू डोळ्यांपुढे येते. म्हणजे निसर्गात रमणे आणि चित्तास स्थिर राहण्याची सवय लावणे, हे दोन्ही अर्थ आजच्या मराठीत एकाच शब्दात शेजारी नांदत आहेत. निसर्गातील ध्यानशिबिराची सारी द्विधा या एका शब्दात सामावली आहे.

आता घाटाकडे वळू. नाणेघाटाच्या माथ्यावरील लेणे सातवाहनकालीन असून तेथील सुप्रसिद्ध कोरीव लेख राणी नागनिकेचा मानला जातो. काही उत्साही लेखक या लेण्यासही ध्यानगुंफा ठरवितात. ते ग्राह्य नाही. त्या लेखात वैदिक यज्ञांची व दक्षिणांची नोंद आहे. लेण्याचे स्थान घाटवाटेवरचे आहे आणि त्याचा संबंध राजवंशाच्या गौरवाशी व प्रवासमार्गाशी आहे. परंतु त्याच घाटात पाण्याच्या टाक्याची देणगी नोंदविणारा एक छोटा लेख आहे. टाके देणारा गोविंददास हा सोपाऱ्याचा रहिवासी होता. बंदरातील एक गृहस्थ मुरबाडच्या माथ्यावर वाटसरूंसाठी पाणी ठेवतो, हा या साखळीचा बोलका पुरावा होय. टाक्यासाठी लेखात ‘पोढि’ असा शब्द आहे. अभ्यासक आणि डोंगर चढणारे आजही ‘पोढी’ म्हणतात.

कान्हेरीच्या लेखांत हीच शब्दसृष्टी अधिक विस्ताराने दिसते. कान्हेरी येथे शंभरांहून अधिक लेणी आहेत आणि तेथील देणगीदारांत कल्याण व सोपारा येथील माणसे ठळकपणे आढळतात. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाणपोढी दिली. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने ‘पथ’, म्हणजे डोंगरातील वाट करून दिली. अन्यत्र ‘आसनपेढिका’, म्हणजे बसण्याचे दगडी ओटे, यांचा उल्लेख आहे. यातील ‘पेढिका’ हा संस्कृत ‘पीठिका’चा प्राकृत अवतार. मराठीत तो ‘पेढी’ होऊन सावकाराच्या व व्यापाऱ्याच्या बैठकीस लागला. भिक्षूचे आसन आणि व्यापाऱ्याची गादी यांना एकच शब्द मिळावा, यात ज्यांच्या दानावर ही लेणी उभी राहिली त्यांचाच इतिहास उमटला आहे. ‘लेण’ हा शब्द ‘ली’ या धातूशी निगडित असून आसरा, लपण्याची जागा असा त्याचा अर्थ. पाली साहित्यात तो आश्रयस्थानाचा वाचक आहे. अंगावर ‘लेण्याच्या’ अलंकारास आपण लेणे म्हणतो तो वेगळा शब्द, केवळ उच्चाराने जुळलेला.

जुन्नरच्या एका लेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाने करंजमूळ येथील २० व वडमूळ येथील ९ निवर्तने जमीन दिल्याची नोंद आहे. ‘मूल’ या पदावरून अभ्यासकांत मतभेद आहे : वृक्षांच्या लागवडीसाठी, असा एक अर्थ, वृक्षाच्या बुंध्यालगतची, असा दुसरा. कोणताही अर्थ घेतला तरी संघाच्या व्यवहारात झाडाचा बुंधा ही एक परिचित, नावाने ओळखली जाणारी जागा होती, असे म्हणता येते. पाली सूत्रांत साधकाने कोठे बसावे याविषयी तीन स्थाने पुनःपुन्हा सांगितली आहेत : अरण्य, वृक्षमूल आणि शून्यागार म्हणजे रिकामे घर. लेण्यातील एकट्याची दगडी खोली ही तिसऱ्या स्थानाची, डोंगरात कोरलेली आवृत्ती होय.

परंतु या स्थानांची निवड सौंदर्यासाठी होती, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात ध्यानास अयोग्य अशा १८ प्रकारच्या विहारांची यादी आहे. फार नवा विहार, फार मोडकळीस आलेला विहार, रस्त्याला लागून असलेला, पाणवठ्याजवळचा, नगराजवळचा, शेताजवळचा, आणि विशेष म्हणजे ज्याची ख्याती झाली आहे असा विहार त्याज्य मानला आहे. फुलांनी व फळांनी लगडलेली जागाही त्या यादीत आहे, कारण तेथे लोकांची ये-जा सुरू होते. याउलट योग्य स्थान गावापासून फार दूरही नसावे व फार जवळही नसावे, असे तो सांगतो. भिक्षेसाठी गाव हवे, आणि शांततेसाठी अंतर हवे. निसर्ग येथे देखावा म्हणून येत नाही, साधन म्हणून येतो. आणि गाव हे त्या साधनेचे अपरिहार्य अंग आहे.

नवशिक्यांच्या संदर्भात सोपाऱ्याशी निगडित असलेली एक कथा उल्लेखनीय आहे. ‘उदान’ या पाली ग्रंथात बाहिय दारुचीरिय या पुरुषाची कथा येते. तो शूर्पारकास समुद्रकाठी राहत होता आणि लोक त्याला सिद्धपुरुष मानीत. आपण खरोखर सिद्ध आहोत काय, या शंकेने तो श्रावस्तीस गेला. बुद्ध भिक्षाटनास निघाले होते. त्यांनी दोन वेळा नकार दिला, तिसऱ्या वेळी रस्त्यातच थोडक्यात उपदेश केला. त्याचा आशय असा की, पाहिलेल्या गोष्टीत केवळ पाहिलेले असावे, ऐकलेल्यात केवळ ऐकलेले. त्यात ‘मी’ मिसळू नये. पुढे लवकरच वासराच्या गाईने हुंदडून बाहियाचा अंत झाला. ही कथा इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाही. परंतु पाली परंपरेने अवधानाचा सर्वांत संक्षिप्त पाठ ज्याच्या पदरी घातला, तो मनुष्य भिक्षू नव्हता, पूर्वशिक्षित नव्हता आणि कोकणच्या किनाऱ्यावरचा होता, ही नोंद अर्थपूर्ण आहे. धडा मिळाला तोही अरण्यात नव्हे, गजबजलेल्या रस्त्यावर.

या परंपरेस पुढे खंड पडला. कान्हेरीस नवव्या शतकात, शिलाहारांच्या राजवटीत, गौड देशातून आलेला अविघ्नाकर नावाचा उपासक १०० द्रम्मांचे दान देताना दिसतो. इ. स. १००९ मध्ये तेथे आलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली आहेत. त्यानंतरच्या शतकांत भिक्षुसंघ या प्रदेशातून नाहीसा झाला. मुरबाड तालुक्यातील गोरखगड आणि मच्छिंद्रगड या नावांवरून पुढील काळात या डोंगरांवर नाथपंथाची स्मृती बसली, असे दिसते. सह्याद्रीतील गुहांना लोकभाषेत ‘गडद’ हा शब्द आहे. ढाकचा बहिरी ‘गडदचा बहिरी’ म्हणून ओळखला जातो. कोरलेल्या गुहा राहिल्या, त्यांतील रहिवासी बदलले आणि नावेही बदलली. तेव्हा ‘अखंड परंपरा’ हे विधान टिकणारे नाही. टिकला तो जागांचा आणि शब्दांचा वारसा.

आधुनिक काळात या साधनेचा मराठीत पुनःप्रवेश प्रथम ग्रंथद्वारा झाला. गोव्यात जन्मलेले आचार्य धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी श्रीलंका व ब्रह्मदेश येथे जाऊन पालीचे अध्ययन केले, ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी परिश्रम घेतले आणि ‘समाधिमार्ग’ या पुस्तकाच्या द्वारे ध्यानाच्या विषयांची ओळख सामान्य वाचकास करून दिली. त्यानंतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व दिली, आणि ठाणे जिल्ह्यातील खेड्यांपर्यंत हा प्रवाह पोहोचला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात विहारात एकत्र बसून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करण्याची प्रथा रुजली. ज्या काळात भिक्षू पावसामुळे एका जागी थांबत, त्या काळात आता गृहस्थ वाचनासाठी एकत्र येऊ लागले. त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी उपस्थित केलेल्या प्रश्नांपैकी एक भिक्षूविषयी आहे : त्याने केवळ स्वतःस परिपूर्ण करावे, की समाजाची सेवा करावी? डोळे मिटून बसण्याविषयी आंबेडकरी समाजात जो संशय अधूनमधून प्रकट होतो, त्याचे मूळ या प्रश्नात आहे आणि तो संशय अवास्तव नाही.

तिसरा प्रवाह ब्रह्मदेशातून आला. मंडाले येथे १९२४ मध्ये जन्मलेले सत्यनारायण गोएंका हे सयाजी ऊ बा खिन यांचे शिष्य. ते १९६९ मध्ये भारतात आले व मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले. इगतपुरी येथील धम्मगिरी हे केंद्र १९७६ पासून कार्यरत झाले. इगतपुरी म्हणजे थळघाटाचा माथा. त्याचा पायथा शहापूर तालुक्यात येतो. दहा दिवसांचे निवासी शिबिर, त्यात आर्यमौन, आरंभी आनापान म्हणजे श्वासाचे निरीक्षण आणि नंतर विपश्यना, असा तेथील क्रम आहे. याच सुमारास इंग्लंडमधील भिक्खू संघरक्षित यांच्या प्रेरणेने १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण स्थापन झाला आणि आनापानस्मृती व मैत्रीभावना हे दोन अभ्यास प्रामुख्याने आंबेडकरी बौद्धांत शिकविले जाऊ लागले. पुण्याच्या वाटेवर भाजे येथे, लेण्यांच्या पायथ्याशी, त्यांचे शिबिरकेंद्र उभे राहिले. शहापूर–मुरबाडमधील लहान-मोठ्या ध्यानसमूहांची पार्श्वभूमी ही अशी आहे : साधना ब्रह्मदेश व इंग्लंड अशा वळणांनी परत आली, आणि तिला ऐकणारा समाज १९५६ च्या दीक्षेने घडविला.

परंतु परत आलेल्या साधनेस मराठीत शब्द कोणता द्यावा? पालीतील ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृति’. मूळ संज्ञेत आठवण आणि वर्तमान क्षणाचे लक्ष हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. मराठीत ‘स्मृती’ म्हटले की भूतकाळ आठवतो, स्मृतिदिन आठवतो. आणि ज्या समाजाने २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन पाहिले, त्याच्या कानांस तर या शब्दाला आणखी एक कडू अर्थ आहे. ‘ध्यान’ हा शब्दही सोपा नाही. संतवाङ्मयात ‘ध्यान’ म्हणजे बहुधा डोळ्यांपुढे उभे राहिलेले देवाचे रूप. बोलीत ‘काय ध्यान आहे’ म्हणून एखाद्या विचित्र माणसाची टवाळी होते. मात्र ‘ध्यानात ठेव’, ‘माझ्या ध्यानात आले नाही’ या नित्याच्या प्रयोगांत आठवण आणि लक्ष यांचा जुना संयोग टिकून आहे. पाली ‘सति’चा आशय मराठी माणूस पुस्तकाशिवाय रोज बोलून दाखवितो, असे म्हणण्यास हरकत नाही.

‘अवधान’ हा शब्द ज्ञानेश्वरांनी श्रोत्यांकडे मागितलेला, प्रौढ आणि निर्मळ आहे. लग्नमंडपातील ‘सावधान’ हे त्याचेच रूप. ‘सजगता’ अलीकडे रूढ झाला आहे, परंतु त्यास लेखी भाषेचा वास येतो. आमच्या मते नवशिक्यास सर्वांत जवळचा शब्द ‘भान’ हा होय. भान ठेवणे, भानावर येणे, भान सुटणे, हे प्रयोग शेतकऱ्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांचे आहेत. मात्र येथेही एक अडसर आहे आणि तो महत्त्वाचा आहे. आपल्या भक्तिपरंपरेत ‘देहभान हरपणे’ ही धन्यतेची खूण मानली जाते. बौद्ध साधनेची पहिली पायरी कायानुपश्यना, म्हणजे देहाचे भान राखणे ही आहे : श्वास आत येतो, बाहेर जातो, पाऊल उचलले, पुढे गेले, टेकले. कीर्तनात वाढलेला मराठी मनुष्य शिबिरात येतो तो काहीतरी हरपण्याची वाट पाहतो, आणि केवळ पाऊल व श्वास हाती लागल्यावर निराश होतो. त्यास आरंभीच सांगितले पाहिजे की येथे हरपावयाचे नाही, राखावयाचे आहे. चंक्रमण, म्हणजे सावकाश येरझाऱ्या घालणे, या दृष्टीने उपयुक्त ठरते. पायवाटेवरचा खडा देहभान आपोआप परत देतो.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. हा अभ्यास परका नाही, आणि अखंडही नाही. त्याचे या भूमीशी असलेले नाते वारशाने सिद्ध होत नाही, तर वर्तनाने सिद्ध करावे लागते. प्राचीन लेखांनी त्याचा मापदंडही देऊन ठेवला आहे. त्या लेखांत भिक्षूंच्या समाधीची वर्णने नाहीत. आहेत त्या सोनाराने दिलेले टाके, लोहाराने दिलेली वाट, उपासकाने दिलेली जमीन यांच्या नोंदी. एकांतातील शांततेस किती हातांचा आधार लागतो, याचा तो हिशेब आहे. आज शहापूर तालुक्यातील तानसा (धरण १८९२ चे) व भातसा यांचे पाणी मुंबईस जाते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक ठाकूर, कातकरी, वारली व महादेव कोळी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईहून शांततेच्या शोधात येणारा साधक ज्या डोंगराकडे पाहत बसतो, त्या डोंगराचेच पाणी तो घरी पीत असतो. पूर्वी बंदरातील गोविंददास घाटात पाणी ठेवून गेला. आज पाणी उलट दिशेने जाते. ज्यास श्वासाचे भान राखावयाचे आहे त्यास या पाण्याचे भान नसावे, हे त्या साधनेच्या व्याख्येतच बसत नाही. बाबासाहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही येथेच शोधता येईल. कारण येथे चित्ताचा अभ्यास आणि शेजाऱ्याची विचारपूस या दोन गोष्टी एकमेकींस वगळून संभवत नाहीत.

अशोकाने विहारयात्रा आणि धम्मयात्रा यांत भेद केला तो अंतराचा वा स्थळाचा नव्हता. दोन्हींत राजा राजधानी सोडून बाहेर पडत होता. भेद होता तो वाटेत कोणाची भेट घेतली आणि कोणास काय दिले, यात. शहापूर–मुरबाडच्या रानात समूहाने येणाऱ्या साधकांनी मौनाच्या तासांबरोबर पाड्यावरील माणसांच्या भेटीचे तासही आपल्या दिनक्रमात राखून ठेवले, पाणवठ्याच्या कामास हात लावला, तर सोपाऱ्याच्या त्या तुटक्या शिलाखंडावरील शब्द पुन्हा योग्य अर्थाने वापरता येईल.